समास

उद्यमनगरात, लेथच्या डोक्यावर,
शिडीच म्हणावी अशा जिन्यानं चढून
आम्ही दोघं एक साधन घडवतोय.
खाली लोखंड सोलून निघतंय,
वर आम्ही चार दिवस
एका पिवळ्या रेघेची जाडी ठरवतोय.

काम सांगायला सोपं.
कुणाचंही पान उघडा,
ओळीवरनं बोट फिरवा,
बाजूला आपलं म्हणणं लिहा,
दाखवायचं त्याला दाखवा.
मूळ पानाला धक्का नाही.
अल्ताफ शिकलगार म्हणतो,
"भाड्याच्या घरात
खिळा न ठोकता तसबीर लावायची."

गुडाळकर बाई आठवतात, सातवी ब,
पट्टीनं टेबलावर टकटक करत,
"समास सोडून लिहा."
आणि पुढच्याच तासाला, हातात तोच खडू,
"समास सोडवा."
चाचणीत मी डावीकडं
दोन बोटं जागा सोडली
आणि खाली लिहिलं, सोडवला.
त्या रिकाम्या जागेतच बाईंची लाल शाई:
हुशार. शून्य.
शून्य घरी दाखवलं नाही.
वही अजून ठेवलीय.

खाली म्हाळूआण्णा कास्टिंग तपासतात.
काळ्या धातूवर खडूनं लिहितात: परत घास.
त्याखाली: कुणी केलंय ह्ये?
त्याखाली, दुसऱ्या हाताचं, तिरकं:
तुमीच. सोमवारी.
माल घासून, पुसून टेम्पोत चढतो तेव्हा
यातलं एक अक्षर उरत नाही.

मी हेच विचारलं अल्ताफला.
ज्या वाक्याला टीप टाचली
ते वाक्यच मालकानं काढलं तर?
तो म्हणाला, मागची तीस अक्षरं, पुढची तीस अक्षरं
ध्यानात ठेवायची,
आणि गल्लीत विचारत सुटायचं,
हितं राहायचं ते कुठं गेलं?
"आणि शेजारपण उठून गेलं असलं तर?"
त्यानं चहा संपवला.
कप उपडा ठेवला.

मग चाचणीला वीस माणसं घेतली,
पुराच्या माहितीचं एक पान घेतलं.
पान म्हणत होतं,
या भागात पाणी शिरत नाही.
कुंभार गल्लीच्या शेवंताबाईंनी
नातवाच्या फोनवरनं ते वाक्य पिवळं केलं
आणि लिहिलं:
शिरतंय. आमच्या तिसऱ्या पायरीपतोर.
मीटर आदी काढून घ्या.
खाली लगेच कुणीतरी: तुमच्यात दुसरीवर आलं
की आमच्यात चुलीत.
रात्रीपर्यंत अकराजण.
अकरा पायऱ्या, एक कट्टा, एक म्हशीचा गोठा.

सकाळी ते वाक्य नव्हतं.
दुरुस्ती नाही, माफी नाही,
वरचा परिच्छेद खालच्याला भिडलेला,
जणू मध्ये कधी काही नव्हतंच.
अकरा टिपा पडद्यावर लोंबत होत्या
कशालाच धरून नसलेल्या.

अल्ताफ म्हणाला, काम झालं की.
चूक गेली, टीप कशाला?
मी म्हणाले, चूक टिपेमुळं गेली.
तो म्हणाला, मग टाचायची कशाला? हवेला?
बाई शिकवायच्या,
दोन शब्द जवळ आले
की मधलं काहीतरी गळतं,
आणि विग्रह करताना
ते गळालेलं परत लिहावं लागतं.
हे मी त्याला सांगितलं नाही.
उगंच भांडत राहिले,
खालचं मशिन बंद होईस्तोवर.

शेवटी डाव्या अंगाला
दोन बोटं जागा मोकळी ठेवली.
ज्यांची ओळ गेली, त्या टिपा तिथं.
तारीख, आणि गेलेली ओळ फिकट शाईत.
त्याला अजून आवडलेलं नाही.

संध्याकाळी शेवंताबाईंचा फोन:
"आमचं लिवलेलं हाय न्हवं अजून?"
हाय, म्हटलं. ओळ गेली. तुमचं हाय.
पलीकडं थोडा वेळ
नुसता भांड्यांचा आवाज.
"मग औंदा
मीटर काढू का नको?"

मी खिडकीतनं पंचगंगेच्या दिशेला पाहिलं.
इथून ती दिसत नाही.